एक बुलेट, एक फोरव्हीलर आणि तोरणमाळ

आमच्या घरात हा वाद जुना आहे. दादा मोटार विम्याच्या दाव्यांचा सर्व्हेअर. चेपलेल्या गाड्यांचे फोटो काढायचे, पत्र्याचा आणि पेंटचा खर्च मांडायचा, हे त्याचं रोजचं काम. त्याच्या मते दुचाकी म्हणजे हप्ते भरून विकत घेतलेलं संकट. मी बुलेटवर कॉलेजात शिकवायला जाते, आणि काचा वर करून, एसी लावून खानदेश पाहणाऱ्यांची मला कीव येते. आप्पा एसटीत चालक होते. त्यांची उभी नोकरी धुळे-नंदुरबार पट्ट्यात गेली. त्यांना आमची दोन्ही वाहनं सारखीच फालतू वाटतात. गाडी म्हणजे बस, बाकी सगळी खेळणी.

डिसेंबरात दत्तजयंतीच्या आठवड्यात सारंगखेड्याची जत्रा आणि तिथून तोरणमाळ असा बेत ठरला, तेव्हा वादाचा निकाल रस्त्यावरच लावू असं वहिनी म्हणाली. आई, आप्पा, दादा आणि वहिनी फोरव्हीलरमध्ये, मी बुलेटवर. रस्ता एकच.

शुक्रवार : जळगाव, धुळे, सारंगखेडा, शहादा

पहाटे निघालो तेव्हा चांगलीच थंडी होती. दहा अंशांची हवा सत्तरच्या वेगाला अंगावर पाच अंशांसारखी लागते. फोरव्हीलरमध्ये हीटर लावून बसलेल्याला हे कळायचं कारण नाही. आप्पांनी मात्र निघता निघता जॅकेटच्या आत, छातीशी कालचा पेपर घालायला लावला. हिवाळ्यातल्या पहाटेच्या गाड्यांवरचे चालक असंच करायचे म्हणे. पारोळ्यापर्यंत त्या पेपरने माझी लाज राखली.

आप्पांनी आणखी एक ठरवून दिलं: बुलेट पुढे, फोरव्हीलर मागे, मध्ये पन्नासेक मीटर अंतर. "मागून येणाऱ्या ट्रकला आधी मोठी गाडी दिसली पाहिजे. तुझा तो एक लाल दिवा त्याच्या हिशेबात बसत नाही." दादाला आपण बहिणीचे अंगरक्षक झालो याचा फार आनंद झाला. तो आनंद तो दर थांब्यावर बोलून दाखवत होता.

बांभोरीला गिरणेचा पूल ओलांडला आणि सुरतकडचा हायवे लागला. हा पूर्वीचा सहा नंबर, आता त्रेपन्न. सुरतेहून निघून नागपूरमार्गे कोलकात्याला जाणारे सगळे ट्रक याच पट्टीवरून. चौपदरी झाल्यापासून फोरव्हीलरवाल्यांसाठी हा रस्ता लोण्यासारखा आहे. दादाने गाणी लावली होती, वहिनी झोपली होती, आईने एरंडोल येण्याआधी चिवड्याचा डबा उघडला होता. बुलेटवर मात्र चौपदरी हायवेइतकं कंटाळवाणं काही नाही. वळण नाही, गिअर नाही, चढ नाही. फक्त मूठ धरून बसायचं आणि वाऱ्याशी मानेने झुंजायचं. ट्रक ओलांडताना आधी त्याच्या आडोशाला हवा एकदम शांत होते आणि त्याच्या तोंडापुढे निघालं की कानफटात बसावी तसा झोत येतो. पहिल्यांदा मजा वाटते. एरंडोलनंतर नाही वाटत.

शिवाय हायवे चौपदरी झाला तरी गावं दुपदरीच राहिली. पलीकडच्या शेतात जायचं तर पुढच्या कटपर्यंत फेरा कोण घालणार? त्यामुळे दुभाजकाला लागून समोरून एक स्प्लेंडर येते, तिच्यावर मागे बसलेल्याच्या मांडीवर आडवा नांगराचा फाळ. माझ्याच लेनमध्ये, माझ्याच तोंडासमोर. तो निर्विकार. मी बाजूला झाले, तो हात करून गेला. हे असं पारोळ्यापर्यंत पुन्हा पुन्हा. चार चाकांच्या आत बसलेल्याला अशा वेळी फार तर दरवाजा, बंपर, बोनेट जातं. दादा त्याची बेरीज करून देईल. माझ्याकडे बंपर म्हणजे माझा गुडघा.

पारोळ्याचा भुईकोट किल्ला बाहेरूनच पाहिला, धुळ्यात चहा घेतला. इथले पेठेतले रस्ते सरळसोट का, तर १८१८ नंतर खानदेशचा पहिला कलेक्टर झालेल्या कॅप्टन ब्रिग्जने ते आखले. आप्पा हे दर वेळी सांगतात, जणू ब्रिग्जसाहेब त्यांच्याच डेपोला होता.

सोनगीरला हायवे सोडला आणि दोंडाईचाच्या दुपदरी रस्त्याला लागलो. इथून पुढे बुलेट घेऊन आल्याचं सार्थक सुरू झालं. दोन्हीकडे दादर, म्हणजे रब्बीची ज्वारी, गुडघ्याच्या वर आलेली. कुठे कापसाची शेवटची वेचणी चाललेली, कुठे पऱ्हाटीच्या ढिगाला आग लावलेली. विहिरीच्या पाण्याने नुकतं भिजवलेलं शेत बाजूने गेलं की गार हवेचा पट्टा पायाला लागायचा आणि लगेच संपायचा. नंदुरबारकडच्या लाल मिरचीची पोती भरलेला ट्रक समोरून गेला, तर हेल्मेटच्या आत मला ठसका लागून डोळ्यांतून पाणी आलं. दोंडाईचाला थांबल्यावर वहिनीला विचारलं, मिरचीचा ट्रक पाहिला का? "कोणता ट्रक?" ती म्हणाली. माझी बाजू इतकीच होती, आणि ती मिरचीच्या एका ट्रकाने माझ्या वतीने मांडून टाकली.

सारंगखेडा. तापीच्या काठी एकमुखी दत्ताचं देऊळ, आणि जत्रेत घोड्यांचा बाजार. मारवाड, काठेवाड, पंजाब, कुठून कुठून घोडे येतात. लाखांच्या खाली बोलणं नाही, कोटीचेही आकडे हवेत उडत असतात. आप्पा आणि दादा दर्शनाच्या रांगेत लागले. आई, वहिनी आणि मी घोड्यांकडे. एक म्हातारा घोडेवाला पंचकल्याणीची वैशिष्ट्यं समजावत होता: चारही पाय पांढरे, कपाळावर पांढरा पट्टा. दुसरा आपल्या कुमेत, म्हणजे तांबूस-तपकिरी, घोड्याची रेवाल चाल दाखवत होता. स्वार पाठीवर जवळजवळ हलतच नव्हता. मी हातात हेल्मेट घेऊन उभी. म्हाताऱ्याने ते पाहिलं आणि विचारलं, फटफटी का? हो म्हटलं. म्हणाला, "घोड्यावर झोप लागली तरी घोडा खड्ड्यात जात नाही. त्याला त्याचा जीव प्यारा असतो. तुमची गाडी जाईल का सांगा."

आता याला उत्तर काय? मोटारसायकलीला स्वतःचा जीव नाही, म्हणून तिच्यावर बसणाऱ्याला दोघांचा जीव एकट्याने सांभाळावा लागतो. फोरव्हीलरला निदान पत्रा आहे, पट्टा आहे, एअरबॅग आहे. बसणारा चुकला तर थोडीफार माफी आहे. आणि दुचाकीवर तर दुसऱ्याच्या चुकीलाही माफी नाही.

जत्रेतून निघायला उशीर झाला. आईला बांगड्या घ्यायच्या होत्या, वहिनीला तमाशाचे तंबू बाहेरून तरी पाहायचे होते. सूर्य तापीत उतरला आणि आम्ही शहाद्याच्या रस्त्याला लागलो. अंतर मोठं नाही, रस्ता सपाट, सरळ. तोरणमाळच्या घाटाची भीती सगळ्यांनी मला आठवडाभर घातली होती. या तुकड्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नव्हता.

शहादा हा उसाचा मुलूख. डिसेंबर म्हणजे गाळपाचा भर. ट्रॅक्टरमागे डबल ट्रॉली, ट्रॉलीवर ऊस इतका रचलेला की मागचे दिवे असले तरी वाढ्यांच्या, म्हणजे शेंड्याकडच्या पाल्याच्या, झुपक्यात गडप. दर हंगामात रिफ्लेक्टर लावण्याची मोहीम निघते, फोटो छापून येतात. काही ट्रॉल्यांना लागतातही. त्यांच्यावर आठ दिवसांत चिखल बसतो. समोरून येणारी प्रत्येक गाडी अप्पर मारून. दिवा डोळ्यात गेला की पुढची दोन-तीन सेकंदं समोर नुसतं काळं. साठच्या वेगाला एका सेकंदात सोळा-सतरा मीटर जातात. दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत पंचवीस मीटर, दाबल्यापासून थांबेपर्यंत आणखी वीस-पंचवीस. बुलेटचा डिपर फार तर तेवढंच दाखवतो. म्हणजे साठने जाणारा माणूस आपल्याच उजेडाच्या पुढे पळत असतो.

मी चाळीसवर आले होते. तरीही ती ट्रॉली मला दिव्याने दिसली नाही. रस्त्याच्या वर, अधांतरी, काहीतरी झुलताना दिसलं. ते ट्रॉलीबाहेर आलेले उसाचे शेंडे होते. ब्रेक लावला, मागून दादाच्या गाडीचा उजेड माझ्या पाठीवर आला आणि मग पूर्ण ट्रॉली दिसली: उभी, पंक्चर, रस्त्याच्या कडेला म्हणता येणार नाही इतकी आत. चालक जॅक लावत बसलेला. त्याने मागे दगड रचून त्यावर उसाचं वाढं टाकलं होतं. तेवढाच इशारा.

त्या ढिगाच्या अलीकडे दोन-तीन कांड्या रस्त्यावर आडव्या पडल्या होत्या. दादाची गाडी त्यांच्यावरून गेली तेव्हा आतल्यांना टक् असा आवाजही आला नसावा. माझ्या पुढच्या चाकाखाली तीच कांडी फिरली असती तर हँडल हातात राहिलं नसतं.

तिथून पुढे आप्पांनी क्रम बदलला. फोरव्हीलर पुढे, तिच्या दिव्यांच्या उजेडात मी मागे. वीस मिनिटांचा रस्ता, पाऊण तास लागला. शहाद्यात आईच्या मावसबहिणीकडे उतरलो. दारातच मावशी म्हणाल्या, "तू फटफटीवर उनी का व माय?" आई म्हणाली, "तिले काय सांगो, ती आयकस थोडी!" आणि पुढ्यात वाफवलेल्या डाळीचे फुनके आणि कढी आली. दादा जेवताना काही बोलला नाही. मी वाट पाहत होते.

शनिवार : शहादा ते तोरणमाळ

सकाळी वहिनीने जाहीर केलं की घाटात ती माझ्या मागे बसणार. घरात शांतता. मग आई एवढंच म्हणाली, ओढणी काढून ठेव.

आईचं बोलणं पोकळ नव्हतं. मागच्या चाकात पदर किंवा ओढणी अडकून झालेले अपघात तिने माहेरी पाहिलेत. केंद्रीय मोटार वाहन नियमांत मागे बसणाऱ्यासाठी धरायला कडी, पायाला टेका आणि मागचं चाक निदान निम्मं झाकणारी जाळी सक्तीची आहे. आपण तिला साडीगार्ड म्हणतो, आणि शोरूममधून गाडी बाहेर पडली की पोरं ती पहिल्यांदा काढून टाकतात, कारण दिसायला बरी नाही. माझी जाळी आहे. वहिनीने पंजाबी ड्रेसवर दादाचं जॅकेट चढवलं. दोन्हीकडे पाय टाकून बसायचं, हेही ठरलं. एका बाजूला पाय सोडून बसलं की मागच्याचा तोल आणि गाडीचा तोल कधीच एका दिशेला नसतो. हेल्मेट मावशींच्या नातवाचं घेतलं, आयएसआयचा शिक्का पाहून. २०२१ पासून शिक्क्याशिवाय हेल्मेट विकायलाच बंदी आहे, तरी रस्त्याच्या कडेला टोपलीसारखी हेल्मेटं टांगलेली असतातच.

म्हसावद, मग राणीपूर, आणि सातपुडा समोर उभा राहतो. तापीच्या खोऱ्यातून पाहिलं की तो एक निळी रेघ असतो. राणीपूरच्या पुढे त्या रेघेला पोट फुटतं, दऱ्या फुटतात, साग दिसू लागतो. वहिनीला मी एकच गोष्ट सांगितली होती: मी ज्या बाजूला वळेन त्या बाजूच्या माझ्या खांद्यावरून पुढे पाहा. बाकी आपोआप होतं. पहिल्या दोन वळणांना ती घाबरून उलट्या बाजूला कलली आणि गाडी रुसल्यासारखी सरळ जाऊ लागली. तिसऱ्या वळणाला तिने खांद्यावरून पाहिलं आणि आम्ही दोघी आणि बुलेट एका अंगाने वळलो. तिच्या तोंडून आवाज निघाला. तो भीतीचा नव्हता.

सात पायऱ्यांचा घाट म्हणतात त्याला. चढ कडक, वळणं अशी की अर्धा रस्ता गिळून पुढचा अर्धा डोक्यावर दिसतो. मध्ये नागार्जुनाचं ठाणं. घाटात मोटारसायकल चालवण्याचं सुख सांगायचं तर एवढंच सांगेन की तिथे डोक्यात दुसरं काही उरत नाही. वळणाआधी वेग कमी करायचा, गिअर खाली, नजर वळणाच्या टोकाला, आणि ज्या बाजूला जायचं त्या बाजूची मूठ हलकेच पुढे ढकलायची. उजवीकडे जायचं तर उजवी मूठ. शाळेत सायकल शिकताना शरीर हे आपोआप शिकलेलं असतं. मोठ्या वजनाच्या गाडीवर ते जाणून करावं लागतं. नजर जिथे, गाडी तिथे. दरीकडे बघत राहिलं तर दरीकडे, कठड्याकडे बघितलं तर कठड्याकडे. मी म्हणूनच घाटात दृश्य पाहत नाही. दृश्य थांबून पाहायचं. दादाला वाटतं घाटात पोरं दृश्य बघत गाडी हाकतात. हाकतातही काही, त्यांचे फोटो दादाकडे आहेत.

धोका नव्हता असं नाही. वळणाच्या आतल्या बाजूला पावसाळ्यात वाहून आलेली बारीक कच साचून राहते, आणि तिच्यावर ब्रेक दाबताना चाक जाम होऊ न देणारं एबीएससुद्धा काय करणार? टायरला धरायला रस्ताच नसतो. टपावर माणसं बसवलेली जीप वरून उतरते. शेळ्या आहेत, त्यांच्यामागे पोरगं आहे. पण या सगळ्याला मी पंचवीस-तीसच्या वेगाने सामोरी जात होते, उजेडात, हॉर्न वाजवत, सगळ्या अंगाने जागी.

दादाचे मात्र हाल झाले. वर पोचल्यावर त्याने पाणी मागितलं. फोरव्हीलरमध्ये चढाच्या वळणावर बोनेट वर उचललं जातं आणि रस्ता त्याच्याखाली गडप होतो. समोर फक्त आकाश. वळण किती आहे हे आठवणीवर घ्यायचं. एकदा पहिल्या गिअरवर यायला उशीर झाला, गाडी बंद पडली, मागे जीप. आप्पांनी न बोलता हँडब्रेक ओढला आणि मग म्हणाले, "आता शांतपणे चालू कर. जीपवाला थांबेल, त्याला पण घरी जायचंय." आप्पा या रस्त्यावर एसटी घेऊन आले आहेत. बसचं तोंड दरीवर नेऊन मग फिरवायचं असतं, कारण पुढची चाकं चालकाच्या मागे असतात. प्रवासी डोळे मिटून घेतात.

तोरणमाळ अकराशे मीटरच्या वर. महाबळेश्वरनंतर राज्यातलं दुसऱ्या क्रमांकाचं थंड हवेचं ठिकाण असं सगळे सांगतात, पण महाबळेश्वरसारखं इथे काही नाही, आणि तेच बरं आहे. यशवंत तलावाच्या काठी चार टपऱ्या, चहा, भजी. गोरखनाथाचं देऊळ. संध्याकाळी अशी थंडी पडली की दादाने आपणहून शेकोटी पेटवली. वरच्या एका घरून दादरची भाकरी, उडदाची डाळ आणि मिरचीचा ठेचा आला.

शेकोटीपाशी दादाने अखेर तोंड उघडलं. मला वाटलं होतं तो शहाद्याच्या ट्रॉलीवरून सुरू करेल. त्याने आकडे काढले. केंद्र सरकारचा २०२२ चा रस्ते अपघात अहवाल त्याला पाठ आहे. वर्षभरात मेले १,६८,४९१. त्यांतले साडेचव्वेचाळीस टक्के दुचाकीवरचे. हेल्मेट न घालता मेलेले ५०,०२९. आणि माझ्याकडे बघून थांबला. मी म्हटलं, पट्टा न लावता मेलेले सांग. "१६,७१५," तो म्हणाला. तो प्रामाणिक आहे. आई मागच्या सीटवर पट्टा लावते ती त्याच्यामुळेच. २०२२ च्या सप्टेंबरात पालघरजवळ सायरस मिस्त्री गेले ते मागच्या सीटवर, बिनपट्ट्याचे, हे त्याने तिला इतक्या वेळा सांगितलं की ती आता उभ्या गाडीतसुद्धा पट्टा लावून बसते.

मग मी विचारलं, वळणावरचे किती? दादा जरा घुटमळला. त्याच अहवालात सरळ रस्त्यावरचे अपघात ६७ टक्के. वळणं, खड्डे, तीव्र चढ-उतार सगळे मिळून चौदाच्याही आत. "पण देशात सरळ रस्तेच जास्त आहेत ना," तो लगेच म्हणाला, आणि ते खरंच आहे, नुसत्या टक्क्यांवरून घाट सुरक्षित ठरत नाही. तरी मला आदल्या संध्याकाळची ट्रॉली दिसत होती. सगळ्या घराने घाटाची काळजी केली होती. थरार घाटात होता, म्हणून धोकाही तिथेच असणार असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. आणि मरण त्या सपाट रस्त्यावर जॅक लावून बसलं होतं, जिथे कुणालाच काही वाटत नव्हतं.

आप्पा म्हणाले, "घाटात माणूस जागा असतो." आणि झोपायला गेले.

रविवार : तोरणमाळवरून खाली

सकाळी सीताखाई पाहिली. दरी सरळ खाली तुटलेली, पावसाळ्यात धबधबा असतो, आता खडकावर नुसती ओली रेघ. तिथे फार वेळ गेला नाही, कारण दादाने एकाएकी विचारलं, "उतरताना बुलेट मी घेऊ?"

कॉलेजात असताना तो आप्पांच्या जुन्या राजदूतवर फिरायचा. लायसन त्याचं दोन्हीचं. मी किल्ली दिली, माझे हातमोजे दिले, आणि वहिनी आता फोरव्हीलरमध्ये पुढे बसणार म्हणाली, कारण नवऱ्याच्या मागे बसण्याइतका विश्वास अजून नाही. स्टिअरिंगवर मी, मागे आई आणि आप्पा.

उताराला आप्पांचा नियम सगळ्या ड्रायव्हर लोकांचा आहे: ज्या गिअरात चढलो त्याच गिअरात उतरायचं. इंजिनच गाडी धरून ठेवतं, ब्रेक फक्त वळणाला. पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करून, काही तर इंजिनही बंद करून उतरणारे भेटतात. इंजिन बंद केलं की ब्रेकला मिळणारी मदत जाते, स्टिअरिंग दगड होतं, आणि सतत पाय ठेवून तापलेले ब्रेक ऐन वळणावर हात वर करतात. आप्पांनी नाक पुढे करून एकदा वास घेतला, तेव्हा मी घाबरले. "नाही, आपल्या नाही. पुढच्या जीपचे," ते म्हणाले.

आणि मग ते घडलं. दादा पुढे होता. डाव्या वळणात मी त्याच्यामागे वळत होते, आणि उजव्या वळणाला लागल्यावर तो नाहीसा झाला. पूर्ण. बुलेट, दादा, लाल जॅकेट, सगळं. मी वहिनीला विचारलं, दिसतोय का? "तो काय!" ती म्हणाली. मी मान पुढे काढली, तेव्हा काचेच्या कडेच्या खांबाआडून तो निघाला. छताला धरणारा तो खांब हाताच्या रुंदीचा असतो, गाडी उलटली तर आपल्याला वाचवतो, म्हणून तो नव्या गाड्यांत जाडच झालेला आहे. आणि त्याच्यामागे वीस-तीस मीटरवरची एक अख्खी मोटारसायकल मावते. त्यातही आपण वळत असू आणि तीही वळत असेल, तर ती खांबाआड तशीच टिकून राहते, आपल्याबरोबर सरकत.

अपघातानंतर फोरव्हीलरवाला जबाबात लिहून देतो, "अचानक समोर आला, दिसलाच नाही." मी हे वाक्य नेहमी खोटं समजत आले. दादाला खाली उतरल्यावर सांगितलं, तर तो म्हणाला की त्याच्याकडच्या फायलींत हे वाक्य जितक्या वेळा येतं तितक्या वेळा तोही खोटंच समजतो. आता मी फोरव्हीलरच्या बाजूला जाताना चालकाचा चेहरा शोधते. चेहरा दिसला तर मी त्याला दिसते. काचेत नुसता खांब दिसला तर मी नाही.

दादा खाली पोचला तेव्हा त्याचे हात थरथरत होते आणि तोंड भरून हसू होतं. काय, मी विचारलं. "मजा आली," तो म्हणाला. थोडं थांबून, "पण मजेचा क्लेम बसत नाही."

संध्याकाळच्या आत शहादा. आईला प्रकाशाला जायचं होतं, तापी-गोमाईच्या संगमावर केदारेश्वराचं दर्शन. सगळे एकाच गाडीत गेलो. बुलेट मावशींच्या अंगणात. अंधारात, उसाच्या दिवसांत, त्या रस्त्यावर मी ती परत काढणार नव्हते, आणि या वेळी मला कोणी सांगावं लागलं नाही.

सोमवार : शहादा, शिरपूर, चोपडा, जळगाव

धुकं असं होतं की अंगणातली बुलेट घरातून दिसत नव्हती. तापीकाठचं धुकं. दादा म्हणाला, फोरव्हीलरला फॉग लॅम्प आहेत, निघू. आप्पांनी चप्पल काढून परत पाट घेतला. दिवे धुक्याला भेदत नाहीत, धुकंच उजळतं. आणि मागच्याला फॉग लॅम्प नसतो. ऊन वर आल्यावर निघालो.

शिरपूरला मुंबई-आग्रा हायवे ओलांडला. चोपड्याच्या अलीकडे ऊस मागे पडून केळी सुरू झाली. केळीच्या दोन बागांमधून जाणारा रस्ता हिवाळ्यात इतका गार आणि ओला असतो की दुपारी बारालाही हेल्मेटच्या काचेवर वाफ धरते. चोपड्यात शेवभाजी खाल्ली, झणझणीत, तर्रीने ओठ सुजवणारी. तिथेच वहिनीने विचारलं की लर्निंग लायसनला काय काय कागद लागतात. दादा ताटाकडे पाहत राहिला.

जेवण झाल्यावर किल्ली टेबलावर होती. मी उचलायच्या आत आप्पांनी उचलली.

"आप्पा," दादा म्हणाला.

"माझं लायसन आहे. दोन्हीचं," आप्पा म्हणाले. माझं हेल्मेट त्यांना घट्ट झालं, मावशींच्या नातवाचं वहिनीकडे राहून गेलं होतं, ते बसलं. बक्कल त्यांनी दोनदा ओढून पाहिलं. आईला विचारलं, येतेस का मागे? आई म्हणाली, "मी गाडीमाच बरी शे," आणि पट्टा लावला.

आम्ही मागे, पन्नास मीटरवर. आप्पा रस्त्याच्या बरोबर डाव्या कडेने, दोन्ही आरशांत आळीपाळीने बघत, वळण यायच्या किती आधी इंडिकेटर देत. चाळीसच्या वर काटा गेलाच नाही. दादाला ओव्हरटेक करता येईना आणि आमच्या मागच्यांना आम्हाला. विदगावच्या पुलावर आलो तेव्हा आमच्यामागे केळीच्या ट्रकांची रांग लागली होती, आणि सगळ्यात मागचा हॉर्नवरून हात काढत नव्हता.